न दिसणारा बांध: आक्रमक मासे वीज, आवाज, बुडबुडे आणि वायूने कसे अडवायचे

परका मासा एकदा नव्या नदीत रुजला की त्याला तिथून उपटून काढणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून सगळा भर त्याला पुढे सरकू न देण्यावर असतो. बांध घातला तर मासा थांबतो, पण त्याच्याबरोबर बोटीही थांबतात, पुराचं पाणी तुंबतं आणि अंडी घालायला वर जाणाऱ्या स्थानिक माशांची वाट बंद होते. अशा ठिकाणी पाणी आणि बोटी जाऊ देईल, पण माशाला मागे फिरवेल असा अडथळा लागतो. पाण्यात सोडलेली वीज, आवाज, बुडबुड्यांचा पडदा, लखलखणारे दिवे किंवा पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड, यांपैकी एक किंवा अनेक गोष्टी त्यासाठी वापरतात.

हे उपाय काम करतात. पण त्यांची एक अडचण सुरुवातीलाच मनात पक्की बसवून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्याभोवतीच फिरते. भिंतीला भगदाड पडलं तर ते दिसतं. पाण्यातली वीज एका कोपऱ्यात कमी पडली किंवा एक स्पीकर बंद पडला, तर वरून काहीच कळत नाही; पाणी तसंच वाहत राहतं. त्यामुळे अडथळा बसवायला जेवढे कष्ट लागतात, त्याहून जास्त कष्ट तो खरंच चालतोय का हे पाहायला लागतात. त्याची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी विचारा: भिंत का नको?

भिंत घालता येत असेल तर भिंतच घाला. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात फोर्ट वेन शहराजवळ ईगल मार्श नावाची पाणथळ जागा आहे. पुरात तिथे वाबाश आणि मॉमी या दोन नद्यांच्या खोऱ्यांचं पाणी एकत्र येऊ शकत होतं आणि त्या वाटेने एशियन कार्प (आशियातून आलेले चंदेरा, बिगहेड यांसारखे मासे) ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांमध्ये शिरण्याचा धोका होता. तिथून बोटींची ये-जा नव्हती. म्हणून 2010 मध्ये आधी जाळीचं कुंपण घातलं आणि नंतर मातीचा कायमचा बांध बांधला. ना वीजबिल, ना जनरेटर.

दुसरा प्रश्न दिशेचा. मासा प्रवाहाच्या उलट वर चढतोय, की खाली वाहत जाण्याची भीती आहे? आवाजाला घाबरून वळायला माशाला पोहता यायला हवं. अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं प्रवाहाबरोबर वाहतात. त्यांना वीज, आवाज, बुडबुडे काहीच मागे फिरवू शकत नाही. तुमच्या संरक्षित पाण्याच्या वरच्या अंगाला मासे आधीच अंडी घालत असतील, तर इथेच थांबा आणि दुसरा उपाय शोधा.

जागा निवडताना

चांगली जागा अरुंद असते, तिचा तळ आणि काठ पक्के असतात आणि प्रवाह बहुतेक काळ एकाच दिशेने वाहतो. बोटींना वर-खाली नेणारं लॉक ही सगळ्यांत सोयीची जागा, कारण तिथे शेजारच्या धरणाने नदी आधीच बरीचशी अडवलेली असते आणि मासा नेमका कुठून येणार हे ठाऊक असतं. रुंद, उथळ, गाळाने भरलेल्या आणि दर पुरात काठ बदलणाऱ्या नदीत यंत्रणा उभी करायचा मोह टाळा.

प्रवाहाची दिशा का महत्त्वाची, तर विजेच्या धक्क्याने सुन्न झालेला मासा पोहत नाही, वाहतो. पाणी खाली वाहत असेल तर तो आला तिकडे परत जातो. वाऱ्याने किंवा दरवाजांच्या उघडझापीने पाणी काही वेळ उलटं वाहिलं, तर तोच बेशुद्ध मासा अडथळ्याच्या पलीकडे जाऊन पडतो. वर्षभराच्या प्रवाहाच्या नोंदी काढा आणि असे उलटे प्रसंग किती वेळा येतात ते मोजा.

मग काठाने चालत बाजूच्या वाटा शोधा. शिकागो सॅनिटरी अँड शिप कॅनॉल हा कालवा मिसिसिपीचं खोरं आणि ग्रेट लेक्स यांना जोडतो. त्यावर विद्युत अडथळा उभा होता, पण शेजारून समांतर वाहणाऱ्या डे प्लेन्स नदीला पूर आला की तिचं पाणी मधल्या जमिनीवरून कालव्यात येऊ शकत होतं, तेही अडथळ्याच्या वरच्या बाजूला. ते लक्षात आल्यावर 2010 मध्ये काँक्रीटचे ठोकळे आणि जाळी वापरून सुमारे 13 मैल लांबीचं कुंपण घालावं लागलं. तुमच्याकडे अशी वाट गटाराची मोरी असेल, शेताचा चर असेल, जुना सोडून दिलेला प्रवाह असेल. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी जागा पुराच्या नकाशावर पाहा.

माशाची ओळख

यंत्र विकणाऱ्याशी बोलण्याआधी चार गोष्टी लिहून काढा: मासा केवढा आहे (सगळ्यांत लहान पोहणारं पिल्लू धरून), तो कोणत्या थरातून पोहतो, कोणत्या ऋतूत सरकतो आणि त्याला काय ऐकू येतं.

शेवटच्या मुद्द्यावर बरंच अवलंबून असतं. चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प, बिगहेड कार्प, गवत्या आणि सायप्रिनस यांच्या शरीरात वाताशय (पोटातली हवेची पिशवी) आणि आतला कान यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते. त्यामुळे त्यांना इतर बऱ्याच माशांपेक्षा खूप वरच्या वारंवारतेचा आवाज ऐकू येतो. बहुतेक इतर मासे साधारण 1,000 हर्ट्झच्या आसपास थांबतात. हे मासे काही हजार हर्ट्झपर्यंत ऐकतात. या फरकामुळेच कार्पला त्रास देणारा, पण इतर अनेकांना फारसा न जाणवणारा आवाज वापरता येतो. मात्र कॅटफिश आणि सकर हे मासेही त्याच मोठ्या गटातले असून त्यांनाही तो ऐकू येतो. तुमच्या नदीत ते स्थानिक असतील तर त्यांची वाटही बंद होऊ शकते. उलट राउंड गोबी किंवा सी लॅम्प्रे या दुसऱ्या आक्रमक माशांना वाताशयच नसतो. त्यांच्यासाठी स्पीकर बसवणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं.

वीज

सगळ्यांत जास्त अनुभव या साधनाचा आहे. तळाशी आडव्या इलेक्ट्रोडच्या रांगा बसवतात आणि त्यांतून थोड्या थोड्या मिलिसेकंदांचे एकदिश विजेचे ठोके सोडतात. क्षेत्र एकदम जोरदार नसतं. खालून येणाऱ्या माशाला ते आधी हलकं लागतं, मग वाढत जातं. अस्वस्थ होऊन तो वळावा अशी अपेक्षा असते. तरीही पुढे गेलाच तर आखडतो आणि प्रवाहाबरोबर मागे जातो.

शिकागोच्या कालव्यात रोमिओव्हिलजवळ 2002 पासून असा अडथळा आहे. 2009 आणि 2011 मध्ये त्याला आणखी दोन टप्पे जोडले गेले आणि नंतर क्षेत्राची ताकद इंचाला 2.3 व्होल्टपर्यंत वाढवली, म्हणजे सेंटीमीटरला साधारण 0.9 व्होल्ट. हा आकडा समोर ठेवून साधा हिशेब करा. 80 सेंटीमीटरच्या माशाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत सुमारे 72 व्होल्टचा फरक पडतो. 8 सेंटीमीटरच्या पिल्लाला तोच फरक फक्त 7 व्होल्टचा. मोठा मासा मागे फिरतो आणि बोटभर पिल्लू निसटू शकतं, ते यामुळे. तुमचा अडथळा कोणत्या लांबीच्या माशासाठी आखला आहे हे कागदावर लिहा आणि त्याहून लहान पिल्लं परिसरात दिसली की धोक्याची घंटा समजा.

पाण्याची विद्युतवाहकता वर्षभर मोजा. वाहकता दुप्पट झाली तर तेवढंच क्षेत्र टिकवायला दुप्पट शक्ती लागते. थंड प्रदेशात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ ओढ्यात उतरलं की हा आकडा उडी मारतो. खाऱ्या पाण्यात तर हे तंत्र परवडतच नाही.

आता पोलादी बार्जचं, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटीचं, काय होतं ते जवळून पाहू, कारण विजेचा सगळ्यांत मोठा कच्चा दुवा तिथे आहे. अनेक बार्ज एकमेकांना बांधून ढकलत नेतात. दोन बार्जच्या टोकांमध्ये एक खाच राहते आणि तिथलं पाणी बार्जबरोबरच पुढे जातं. लहान मासे त्या खाचेत अडकतात. भोवती पोलाद असल्याने विजेचं क्षेत्र आत नीट पोचत नाही आणि अख्खा घोळका बसल्या जागी अडथळा ओलांडतो. शिवाय भरलेली बार्ज अरुंद कालव्यातून खाली जाते तेव्हा तिच्या कडेने पाणी उलटं, वरच्या दिशेला धावतं आणि त्या धारेत सुन्न पिल्लं वर ओढली जाऊ शकतात. रोमिओव्हिलच्या चाचण्यांत मासे असे बार्जबरोबर पार गेलेले दिसले आहेत. तुमच्या पाण्यात मोठी पोलादी जहाजं चालत असतील तर एकट्या विजेवर विसंबू नका.

माणसाच्या सुरक्षेत कुठेही तडजोड नको. अशा पाण्यात पडलेला माणूस पोहू शकत नाही आणि त्याला वाचवायला उडी मारणाराही धोक्यात येतो. कुंपण, दोन्ही बाजूंना लांबवर फलक, आणीबाणीत वीज तोडायचं बटण आणि ते दाबायचा अधिकार असलेला माणूस चोवीस तास हजर हवा. जिथे लोक पोहतात, जनावरं पाण्यावर येतात, मुलं खेळतात, तिथे वीज वापरू नये.

आवाज आणि बुडबुडे

एकाच सुराचा आवाज माशाला काही वेळाने सवयीचा होतो. अनेक वारंवारता मिसळलेला, बोटीच्या इंजिनासारखा खरखरीत आवाज जास्त टिकतो. चंदेरा माशांवरचे बरेच प्रयोग 100 अश्वशक्तीच्या आउटबोर्ड मोटारीच्या ध्वनिमुद्रणावरच झाले आहेत. आवाज सतत चालू ठेवण्यापेक्षा खंड पाडून, क्रम बदलत वाजवा.

विस्कॉन्सिनमध्ये जिनोआच्या लॉकवर 2014 मध्ये स्पीकर लावले गेले, 2021 मध्ये आयोवातल्या कीओकक इथल्या 19 क्रमांकाच्या लॉकवर मोठी यंत्रणा बसली. बसवल्यावर पहिलं काम आवाजाचा नकाशा. बोटीतून हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, सोडून मीटरामीटरावर, पाण्याच्या तीन वेगवेगळ्या थरांत मोजा. भिंतींवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींना खोडतात आणि मधेच शांत कप्पे तयार होतात. उथळ पाण्यात खालच्या वारंवारता लांब जातच नाहीत. असा शांत कप्पा सलग वरपर्यंत गेला असेल तर मासा तो शोधणार, म्हणून स्पीकर हलवा आणि पुन्हा मोजा.

बुडबुड्यांचा पडदा त्या मानाने साधा: तळावर भोकांची नळी, काठावर कंप्रेसर. नुसत्या पडद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. बंदिस्त प्रयोगात तो जितका चांगला चालतो तितका वाहत्या ओढ्यात चालत नाही. त्याचा खरा उपयोग आवाजाच्या जोडीला होतो. आवाज पडद्यात कोंडला जातो, त्यामुळे पडद्यावर तो जोरदार आणि दोन पावलं मागे बराच कमी असतो, आणि मासा नेमक्या रेषेवर दचकतो. त्यावर दिव्यांची उघडझाप जोडली की रेष दिसतेही. आवाज, बुडबुडे आणि दिवे यांची ही तिहेरी यंत्रणा 2019 मध्ये केंटकीमधल्या बार्कली लॉकवर कार्पसाठी बसवली गेली.

नळी बसवताना पाणसळ लावून बसवा. एक टोक वितभर जरी वर राहिलं तरी हवा तिकडूनच सुटते, कारण तिथे पाण्याचा दाब कमी असतो, आणि खालच्या टोकाकडचा पडदा विरळ होतो. काही आठवड्यांत भोकांवर शेवाळ आणि गाळाचा थर धरतो. आधी एक भोक, मग शेजारची दोन-तीन बंद पडतात आणि पडद्यात हातभर रुंदीची खिडकी तयार होते. पृष्ठभागावर मात्र शेजारचे बुडबुडे पसरून ती जागा झाकून टाकतात. काठावरून पाहणाऱ्याला पडदा अखंडच वाटतो. म्हणून पाणबुड्या किंवा पाण्याखालचा कॅमेरा लावून तळाची नळी पाहावी लागते. जोराच्या प्रवाहात पडदा खालच्या बाजूला कलतो, हेही हिशेबात धरा.

शक्य असेल तिथे रेष प्रवाहाला आडवी न ठेवता तिरकी ठेवा. समोर अडलेला मासा पुन्हा पुन्हा धडक देतो. तिरक्या रेषेने तो कडेला सरकतो आणि तिथे पिंजरा लावता येतो. कॅलिफोर्नियातल्या जॉर्जियाना स्लू या फाट्यावर 2011 मध्ये अशीच यंत्रणा चिनूक सामनच्या पिल्लांना मुख्य नदीत ठेवायला वापरली होती. यंत्रणा बंद असताना 22.1 टक्के पिल्लं फाट्यात शिरत होती, चालू असताना 7.4 टक्के. तिथे मासे हवे असलेले होते आणि खाली जात होते, पण वळवण्याचं तत्त्व तेच.

नुसते दिवे गढूळ पाण्यात आणि भर दुपारी निरुपयोगी. माशांना वासाने वळवण्याचे, म्हणजे धोक्याचा वास आणि फेरोमोन (मासे एकमेकांना इशारे द्यायला सोडतात ती रसायनं) वापरण्याचे प्रयत्न लॅम्प्रेसाठी उपयोगी दिसतात, पण बाकी माशांसाठी मी आज त्यावर पैसे लावणार नाही.

कार्बन डायऑक्साइड

पाण्यात हा वायू लिटरला साधारण 100 मिलिग्रॅमपर्यंत गेला की कार्प तिथून निघून जाऊ पाहतात. त्याहून बराच वाढला तर त्यांचा तोल जातो. अमेरिकेत 2019 मध्ये एशियन कार्पविरुद्ध त्याच्या वापराला पर्यावरण खात्याची नोंदणी मिळाली. वायूला रिकामा कोपरा राहत नाही, बार्जच्या खाचेतही तो पोचतो, हा त्याचा मोठा गुण.

पण टाकी मागवण्याआधी हिशेब करा. सेकंदाला 1 घनमीटर वाहणाऱ्या लहान ओढ्यात 100 मिलिग्रॅम राखायचे तर सेकंदाला 100 ग्रॅम वायू लागतो, म्हणजे तासाला 360 किलो, दिवसाला साडेआठ टनांहून जास्त. आणि हे सगळा वायू विरघळला असं धरून. वाहत्या नदीत हे चालवणं वेडेपणाचं आहे. लॉकच्या बंद कप्प्यात, दरवाजे उघडण्याआधी, किंवा मासे तात्पुरते हाकलायला ते योग्य आहे. मासा आपला की परका, हे हा वायू ओळखत नाही. स्थानिक मासे आणि हलू न शकणारे शिंपले यांनाही तो सोसावा लागतो. आणि तो हवेपेक्षा जड असतो. खड्ड्यात, तळघरात साचून माणूस गुदमरतो. मोजणी यंत्र लावल्याशिवाय कुणालाही खाली उतरू देऊ नका.

एकावर एक थर

अडथळा 90 टक्के यशस्वी आहे असं ऐकलं की बरं वाटतं. पण मासा एकदाच येत नाही. दर प्रयत्नात पार जायची शक्यता 10 टक्के असेल, तर दहा प्रयत्नांत कधीतरी पार जायची शक्यता 65 टक्के होते. म्हणून दोन-तीन अडथळे एकामागे एक ठेवतात, आणि त्यांचे कच्चे दुवे वेगवेगळे असावेत हे पाहतात. दोन विद्युत अडथळे एकाच तारेवर चालत असतील तर वीज गेली की दोन्ही जातात. इलिनॉयमध्ये जोलिएटजवळच्या ब्रँडन रोड लॉकसाठी आखलेल्या योजनेत वीज, आवाज आणि बुडबुडे यांच्या जोडीला पाण्याच्या जोराने लॉक धुऊन काढायची सोयही आहे. वाहत आलेली अंडी, पिल्लं आणि बार्जच्या खाचेतले मासे यांना एकच उपाय पुरत नाही हे ओळखून ती केलेली आहे.

त्याच वेळी खालच्या बाजूची गर्दी कमी करत राहा. इलिनॉयमध्ये 2010 पासून पगारी मच्छीमार अडथळ्याच्या कितीतरी खाली जाळी टाकून कार्प काढताहेत. दारावर धडका देणारे कमी झाले की दारावरचा ताणही कमी होतो. माझ्या मते पैसे अपुरे असतील तर दुसऱ्या यंत्राऐवजी आधी मासेमारीवर खर्च करावा.

बसवण्याआधी मोजायला लागा

किमान एक पूर्ण हंगाम, यंत्र नसताना, माशांना ध्वनिखुणा (आवाजाने माग देणारी लहान यंत्रं) लावून वर-खाली किती जातात ते नोंदवा. आक्रमक मासा अजून पोचला नसेल तर आधीपासून तिथे असलेला, त्याच्या जवळच्या जातीचा मासा वापरा. यंत्र बसल्यावर पहिल्या काळात ते मुद्दाम चालू-बंद करून दोन्ही स्थितींची तुलना करा (आक्रमक मासा दारात उभा असेल तर अर्थातच नाही). आणि पार किती गेले एवढंच मोजू नका. किती मासे अडथळ्यापर्यंत आले तेही मोजा. एकही मासा पार गेला नाही याचा अर्थ, एकही आलाच नसेल तर, काहीच होत नाही. स्थानिक माशांची वेगळी नोंद ठेवा. पाण्यातल्या डीएनएची तपासणी लवकर सावध करते. मात्र तो पक्ष्यांच्या विष्ठेतून किंवा बोटीच्या तळाला चिकटूनही येतो, म्हणून डीएनए सापडल्यावर जाळं टाकून खात्री करायची.

वाईट दिवसाची तयारी

शिकागोच्या कालव्यातला अडथळाही 2012 च्या मे महिन्यात वीज जाऊन काही मिनिटं बंद पडला होता. दोन वेगळ्या वाहिन्यांवरून वीज घ्या, जनरेटर दर आठवड्याला भारासकट चालवून पाहा आणि प्रत्येक बंद मिनिटाची वेळ वहीत लिहा. देखभालीसाठी यंत्र बंद करायचंच असेल तर ते माशांच्या हालचालीच्या ऋतूबाहेर, आणि दुसरा थर चालू असतानाच. रोमिओव्हिलला 2009 च्या डिसेंबरमध्ये देखभालीच्या काळात कालव्याच्या काही मैलांच्या पट्ट्यात रोटेनोन हे माशांचं विष टाकावं लागलं. मेलेल्या हजारो माशांत एक बिगहेड कार्प सापडला.

आणि मासा पलीकडे सापडलाच तर कोण कुठे फोन करणार, कोणती बोट निघणार, जाळी कुठे ठेवली आहे, हे आज लिहून ठेवा. 2010 च्या जूनमध्ये अडथळ्यापलीकडच्या लेक कॅल्युमेटमध्ये बिगहेड कार्प मिळाला. 2017 च्या जूनमध्ये एक चंदेरा लेक मिशिगनपासून फक्त 9 मैलांवर जाळ्यात आला. दोन आठवडे जाळी आणि विद्युत-मासेमारीच्या बोटींनी तो सगळा भाग पिंजून काढला. दुसरा सापडला नाही. शोध त्याच दिवशी सुरू करता यावा म्हणून बोटीची टाकी भरलेली आणि जाळी कोरडी, दुरुस्त केलेली ठेवा.